आंब्याने कैऱ्या का टाकल्या?

'आइस एज' सिनेमातला स्क्रॅट आठवतो? सगळं जग गोठलेलं आणि हा पठ्ठ्या एका टोपीवाल्या फळापायी जीव धोक्यात घालतोय! ते फळ ओक नावाच्या झाडाचं. ओक हिमालयात भेटतो, ठाण्या-डोंबिवलीत नाही. पण आपल्याकडे आंबा आहे ना! ओकसारखाच लहरी. एक वर्ष फळंच फळं, पुढच्या वर्षी ठणठणाट.

जानेवारी-फेब्रुवारीत सोसायटीतल्या रायवळ आंब्याकडे मान वर करून बघा. मोहोराच्या एकेका तुऱ्यावर शेकडो फुलं असतात, कधी हजारांच्या घरात. त्यातली बरीच नर. त्यांना फळ धरतच नाही. उरलेल्यांना परागकण आणून देणारं कुणीतरी हवं. कोण बरं? मुख्यतः माश्या! हो, आपण जिला ताटावरून हाकलतो ती घरमाशीसुद्धा. मधेच अवेळी पाऊस आला, ढग दाटले, की माश्या फिरकत नाहीत. मग मोहोरावर भुरी चढते, तुडतुडे रस शोषतात. एवढ्यातून एका तुऱ्यावर एखाद-दोन आंबे पिकेपर्यंत टिकले तरी खूप झालं.

मग वाटाण्याएवढ्या, बोराएवढ्या कैऱ्यांचा सडा पडतो. वॉचमनकाका म्हणतात, "वाऱ्याने पडल्या." वारा पाडतोच, पण बिचाऱ्यावर जास्तच आळ येतो. यातल्या बऱ्याचशा झाडाने स्वतःच टाकलेल्या असतात. पंगतीला पन्नास पानं मांडली आणि भात पाचांपुरताच शिजला, तर काय होईल? पानांनी केलेली साखर सगळ्या कैऱ्यांना पुरत नाही. जिच्यातलं बी जोमाने वाढतंय, ती 'ऑक्झिन' नावाचं रसायन देठाकडे धाडत राहते, म्हणजे "मी आहे, मला सोडू नकोस!" बी कमजोर पडलं की हा निरोप मंदावतो, इथिलीन वायूचा जोर वाढतो आणि देठातल्या पेशींचा एक पातळ थर सुटा होतो. पडली कैरी! गंमत म्हणजे आढीत आंबे पिकवतो तोही हाच इथिलीन.

खाली पडलेली कैरी उचला आणि देठ बघा. साफ सुटलेला, कैरी पिवळट? झाडाने टाकली. देठ फाटलेला, ताजा चीक वाहतोय? वारा, नाहीतर तुमचा दगड. (चीक तोंडाला लावू नका, त्वचा भाजल्यासारखी होते.)

आता एका वर्षाआडची भानगड. मोहोर येतो तो जून झालेल्या फांद्यांच्या शेंड्यांवर. भरपूर आंबे धरलेल्या वर्षी झाडाचा साठा फळांतच संपतो, नवी पालवी उशिरा येते, आणि हिवाळ्यापर्यंत ती जून होतच नाही. शिवाय वाढत्या कोयींमधली रसायनंही पुढच्या मोहोराला अडवतात. त्यात थंडी हवी! समुद्रापासून लांब असलेल्या कल्याण-बदलापूरकडे रात्री मुंबईपेक्षा गार असतात. रात्री उबदारच राहिल्या, तर झाड मोहोराऐवजी पालवीच काढत बसतं. हापूस तर अशा एका वर्षाआडच्या खाड्यांसाठी, म्हणजे रिकाम्या वर्षांसाठी, प्रसिद्धच. म्हणून कोकण कृषी विद्यापीठाने वेंगुर्ल्याला नीलम आणि हापूस यांचा संकर करून १९८१ मध्ये 'रत्ना' आणला. तो बऱ्यापैकी दरवर्षी फळतो.

ओक मात्र एक पाऊल पुढे. भराच्या वर्षी जंगलातले बहुतेक ओक एकदमच लदबदतात. खारी आणि किडे खाऊन खाऊन थकतात, तरी बिया उरतात. असं काही आपल्याकडे बघायचं असेल, तर येऊरच्या डोंगरावरची कारवी आहे. तिथे ती साधारण आठ वर्षांनी एकदम फुलते, बी धरते आणि मरते. २०१६ मध्ये अख्खे उतार जांभळे झाले होते.

आंब्याचं तसं नाही. बरेचदा 'ए' विंगमागचा लगडलेला आणि 'बी' विंगमागचा रिकामा. तुमच्या आवारातल्या आंब्याचा यंदा भर आहे की खाडा? वॉचमनकाकांना गेल्या वर्षीचं विचारा, वहीत लिहा आणि पुढच्या मार्चमध्ये ताडून बघा.