उरलेले पाच टक्के कुठे बसतात?

मागच्या महिन्यात सॅन होजेहून मावसबहिणीचा फोन आला. तिचा मुलगा पाच वर्षांचा, जन्म पुण्यातला, आता तिकडे किंडरगार्टनमध्ये जाणार. शाळेने लसीकरणाचं कार्ड पाहून सांगितलं की गोवरच्या दोन डोसांपैकी एकच धरता येईल. "अगं, दोन्ही दिलेत. तारखा आहेत, शिक्के आहेत! आता तिसरा द्यायचा? इथे नाही म्हणायची काही सोय नाही का?" घरात कोणी पीएचडी करत असलं की असे फोन त्यालाच येतात. (माझं काम साथींच्या गणिताचं आहे, सुई मी कधी हातात धरलेली नाही.)

आधी कार्डाचं कोडं. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. कॅलिफोर्नियात पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस धरत नाहीत. यात चुकीचं कोणीच नाही. बाळाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडं असतात आणि ती लसीतल्या कमजोर विषाणूलाही नीट वाढू देत नाहीत. त्यामुळे नऊ महिन्यांच्या साधारण 85 टक्के बाळांना संरक्षण मिळतं, बारा महिन्यांनंतर 95 टक्क्यांच्या आसपास. जिथे गोवर फिरतोय तिथे ते तीन महिने थांबणं महागात पडतं. जिथे तो क्वचित येतो तिथे परवडतं.

आता 'नाही' म्हणायची सोय. ती होती! 2016 पर्यंत कॅलिफोर्नियात पालकांनी 'लस माझ्या विचारांत बसत नाही' असं लिहून दिलं की मुलाला शाळेत प्रवेश मिळे. अनेकांना तर जुनी कार्डं शोधण्यापेक्षा ही सही सोपी पडायची. अमेरिकेतल्या राज्यांची तुलना करणारा एक अभ्यास 2006 साली 'जामा'मध्ये आला होता: जिथे सवलत सहज मिळते, तिथे डांग्या खोकल्याचं प्रमाण जास्त. 2014 पासून कॅलिफोर्नियाने त्या फॉर्मवर आरोग्य-व्यावसायिकाचीही सही मागितली. एवढ्यानेच किंडरगार्टनमधल्या अशा सवलती 3.1 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आल्या. जादाच्या एका सहीने लोकांचे विचार इतके बदलतात, हे मला अजूनही गमतीशीर वाटतं.

त्याच डिसेंबरात डिस्नीलँडमध्ये गोवरची साथ सुरू झाली, शंभराहून जास्त माणसं आजारी पडली. 2015 च्या जूनमध्ये एसबी 277 कायद्यावर सही झाली आणि 1 जुलै 2016 पासून वैचारिक, धार्मिक अशा सगळ्या सवलती बंद. उरली फक्त वैद्यकीय.

तुम्ही म्हणाल, दोन-तीन टक्क्यांसाठी एवढा आटापिटा? तर थोडं गणित करू. गोवरचा एक रुग्ण, कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, 12 ते 18 जणांना आजार देतो. 15 धरा. साथ विझायला हवी तर त्या पंधरातले किमान चौदा सुरक्षित हवेत, म्हणजे 93 टक्के. दोन डोसांनी 97 टक्के लोकांना संरक्षण मिळतं, म्हणून लस घेतलेले लागतात सुमारे 96 टक्के. इथे सवलतींसाठी जागाच उरत नाही.

पण खरी गोम सरासरीत आहे. शंभर सारख्या शाळा घ्या. प्रत्येकीत 95 टक्के मुलांनी लस घेतलेली असेल तर सरासरी 95. आता नव्वद शाळांत 99 टक्के आणि दहा शाळांत 59 टक्के असं धरा. सरासरी? पुन्हा 95! पण त्या दहा शाळांत वीस मुलांच्या वर्गात आठ मुलं उघडी बसलेली आहेत. लस नाकारणारे पालक विखुरलेले नसतात. ते एकमेकांचे शेजारी असतात, एकाच शाळेच्या नावाची एकमेकांना शिफारस करतात. विषाणूला राज्याच्या सरासरीशी काय करायचंय?

कायद्यानंतर किंडरगार्टनमधलं पूर्ण लसीकरण 92.8 टक्क्यांवरून एका वर्षात 95.6 टक्क्यांवर गेलं. सोबत वैद्यकीय सवलतीही 0.2 टक्क्यांवरून पुढच्या काही वर्षांत 0.9 टक्क्यांवर गेल्या. मुलं अचानक आजारी पडू लागली नव्हती. काही डॉक्टर पैसे घेऊन पत्रं देत होते. मग 2019 मध्ये आणखी एक कायदा: वर्षाला पाच किंवा जास्त सवलती देणाऱ्या डॉक्टरांची पत्रं राज्य तपासणार.

ताईला हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे जबरदस्तीच की." अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1922 सालीच शाळाप्रवेशासाठी लसीची अट मान्य केली आहे, आणि कोणी मुलाला धरून टोचत नाही, घरी शिकवायची मुभा आहे. पण नवरा-बायको दोघंही नोकरी करत असतील तर ती मुभा कागदावरचीच, हे तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही. तरीही मी कायद्याच्या बाजूची आहे. घरी शिकवणं जड जातं, हे खरंच आहे. पण केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला लस घेण्याचा पर्यायच नसतो, आणि तोही त्याच वर्गात बसतो.

तिचं धाकटं बाळ सात महिन्यांचं आहे. त्याच्यासाठी तूर्तास ढाल एकच, दादाच्या आणि दादाच्या वर्गातल्या पोरांच्या दंडावरची लस. ती डिसेंबरात पुण्याला यायचं म्हणतेय, तेव्हा मी तिला आणखी एक गोष्ट डॉक्टरांना विचारायला सांगितली: परदेश प्रवास असेल तर तिकडे सहा ते अकरा महिन्यांच्या बाळांनाही गोवरचा एक डोस देतात.

"आणि तो शाळा धरणार?"

नाही, तोही नाही. बराच वेळ ती हसत होती. मोठ्याची अपॉइंटमेंट मात्र तिने त्याच दिवशी घेतली.