तयार साधन स्वतः घडवून पाहणे

तामिळनाडूतील कुंभकोणम् येथे शाळेत शिकत असताना, १९०३ साली, श्रीनिवास रामानुजन् यांच्या हाती जी. एस. कार या इंग्रज शिक्षकाचा गणितसंग्रह आला. त्यात काही सहस्र सिद्धांत क्रमवार मांडलेले होते. सिद्धता मात्र बहुधा दिलेली नव्हती, आणि जेथे होती तेथे ती त्रोटक होती. सूत्रे पाठ करून उदाहरणे सोडविण्यास तो ग्रंथ पुरेसा होता. रामानुजन् यांनी निराळा मार्ग धरला. दिलेले सिद्धांत ते स्वतः सिद्ध करू लागले.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहावयास शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढेही असाच एक संग्रह असतो. ओळीने मांडलेल्या राशींच्या यादीस ॲरे म्हणतात. अशा यादीवर वारंवार कराव्या लागणाऱ्या क्रियांसाठी प्रोग्रॅमिंगच्या भाषेतच तयार फंक्शने असतात. जावास्क्रिप्ट या भाषेच्या २००९ सालच्या प्रमाण आवृत्तीत मॅप, फिल्टर व रिड्यूस ही फंक्शने अंतर्भूत झाली. त्यांतील रिड्यूस आपण स्वतः रचून पाहू.

रिड्यूसचे कार्य असे, की संपूर्ण यादीचे एकाच फलात रूपांतर करावयाचे. समजा, यादी ४, ७, २, ९ अशी आहे व आपणांस बेरीज हवी आहे. एक पात्र घ्यावे. त्यास ‘संचय’ म्हणू. आरंभी त्यात ० ठेवावे. मग यादीतील एकेक संख्या क्रमाने उचलून संचयात मिळवावी. संचय अनुक्रमे ४, ११, १३ व २२ होतो. यादी संपली की संचय हेच उत्तर. बेरजेच्या जागी कोणतीही अन्य कृती बाहेरून देता यावी, एवढी सोय केली की आपले रिड्यूस सिद्ध झाले.

येथवर सर्व सुगम आहे. आता कृती म्हणून गुणाकार देऊन पाहा. आरंभी ० ठेवल्यास उत्तर नेहमी ० येईल; तेथे १ हवा. सर्वांत मोठी संख्या शोधावयाची असेल व यादी −५, −३, −८ अशी असेल, तर आरंभीचा ० हाच उत्तर म्हणून बाहेर येईल. वस्तुतः तो यादीत नाहीच! तेव्हा पहिली संख्याच संचयात घालून दुसरीपासून आरंभ केला पाहिजे. पण यादी रिकामी असल्यास पहिली संख्या आणावयाची कोठून? आरंभमूल्य दिलेले नसताना रिकामी यादी आली, तर मूळ रिड्यूस चूक घोषित करून थांबते. निष्काळजीपणे लिहिलेले आपले फंक्शन तेथे निरर्थक मूल्य मुकाट्याने परत देते, आणि दोष पुढे कोठेतरी दूर प्रकट होतो.

तयार साधनाच्या पोटात असे अनेक निर्णय दडलेले असतात. वापरणाऱ्यास ते दिसत नाहीत. घडविणाऱ्यास प्रत्येक निर्णय स्वतः घ्यावा लागतो. स्वतः घडवून पाहण्याचा खरा लाभ तो हाच.

तथापि या मार्गास एका पथ्याची जोड हवी. रामानुजन् यांनी जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांस आपले निष्कर्ष पाठविले. त्यांतील काही अपूर्व होते, काही युरोपात पूर्वीच ज्ञात होते, तर अविभाज्य संख्यांविषयीची काही विधाने सदोष निघाली. एकाकी साधनेस पडताळ्याची जोड मिळाली, तेव्हाच हा भेद स्पष्ट झाला.

विद्यार्थ्याने हेच करावे. आपले फंक्शन पूर्ण झाल्यावर रिकामी यादी, एकाच संख्येची यादी व केवळ ऋण संख्यांची यादी मूळ फंक्शनास व आपल्या फंक्शनास द्यावी, आणि उत्तरे ताडून पाहावीत. जेथे फरक पडेल तेथेच शिकण्यासारखे काही आहे, असे समजावे. नित्याच्या कामात मात्र मूळ फंक्शनच वापरावे. ते अनेकांनी पारखलेले असते. आता ते आपण समजून वापरू, एवढाच काय तो फरक. पण तो थोडा नव्हे.