दुखत नाही, तिथे पाहा

वऱ्हाडात ऊन तापलं की टाचांना भेगा पडतात. पाऊल टेकवलं की कळ येते आणि माणूस आपोआप चवड्यांवर चालू लागतो. रात्री तेलाची वाटी निघते. ही सगळी काळजी त्या कळेमुळे सुरू होते. ती कळच आली नाही तर?

अचलपूर तालुक्यात परतवाड्याजवळ कोठारा इथं लेप्रसी मिशनचं रुग्णालय आहे. कुष्ठरोगावर उपचार करणाऱ्या अशा रुग्णालयांत या प्रश्नाचं उत्तर रुग्णांच्या तळपायांवर वाचता येतं. काटा रुतला, चपलेचा पट्टा घासला, तापलेल्या जमिनीचा चटका बसला, तरी मेंदूपर्यंत खबर जात नाही. माणूस त्याच जखमेवर दिवसभर चालत राहतो.

कातडीच्या सर्वांत वरच्या थराच्या पृष्ठभागावर मेलेल्या पेशींचं कवच असतं. हा थर साधारण महिन्याभरात नवा होतो. त्याखालच्या थरात रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी आणि मज्जातंतूंची टोकं असतात, आणि तळाशी चरबीची गादी. अंगावर बहुतेक ठिकाणी कातडीला तेल पुरवणाऱ्या ग्रंथीही असतात. तळहात आणि तळपायांना मात्र त्या अजिबात नसतात. तिथली कातडी मऊ राहते ती मुख्यतः घामामुळे.

कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन यांनी शोधला. त्याला शरीरातल्या थंड जागा मानवतात. म्हणून तो कातडीत आणि कातडीलगतच्या मज्जातंतूंत ठाण मांडतो. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या नेणारा तंतू त्याच्या नेहमीच्या जागांपैकी एक. जंतूची वाढ फार संथ. एकाचे दोन व्हायला जवळपास दोन आठवडे लागतात. त्यामुळे लागण झाल्यावर लक्षणं दिसायला सरासरी पाच वर्षं, कधी वीस वर्षंही लागतात. तंतू निकामी झाला की स्पर्श जातो, वेदना जाते आणि घामही आटतो. तेल मुळातच नव्हतं, आता ओलही गेली. कातडी कडक होते, फाटते आणि फाटलेलं कळत नाही.

रोगामुळे बोटं आपोआप झडतात, हा समज जुना. वेल्लोरला काम केलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की बोटं जातात ती न जाणवलेल्या जखमा, भाजणं आणि जंतुसंसर्ग यांमुळे. म्हणजे हे नुकसान बरंचसं टाळता येतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९८१ मध्ये सुचवलेल्या बहुविध औषधोपचारानं सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो. मात्र गेलेली संवेदना पुष्कळदा परतत नाही. तिथून पुढचं काम औषधाचं कमी आणि शुश्रूषेचं जास्त. साहित्य घरातलंच: पाण्याची बादली, वजरी आणि तेल. रोज आधी तळपाय नीट पाहायचे, मग पाय साध्या पाण्यात वीसेक मिनिटं बुडवायचे. पाणी गरम नको, कारण चटका कळणार नाही. घट्टे वजरीनं हलक्या हातानं घासायचे; ब्लेड लावायचं नाही. पाय ओले असतानाच तेल चोळायचं, म्हणजे मुरलेलं पाणी आत टिकतं. बाहेर पडताना आतून मऊ रबराची, तळाला खिळे नसलेली एमसीआर चप्पल घालायची. जखम असेल तर तिला सर्वांत मोठा उपचार विश्रांतीचा.

मधुमेहातही पायांची संवेदना जाते. तिथं पाहणी आणि पादत्राणांचा नियम तोच, मात्र पाय भिजत ठेवणं डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नको. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ, माकडहाड आणि टाचाही अशाच रोज पाहाव्या लागतात. एका कुशीवर फार वेळ राहिलं की दाबानं रक्त अडतं. म्हणून परिचारिका साधारण दर दोन तासांनी कूस बदलतात.

कुष्ठरोगाचा चट्टा ओळखतानाही संवेदना गेल्याची हीच खूण कामी येते. गजकर्ण खाजतं. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा, पण स्पर्श शाबूत. तो कुणापासून कुणाला लागत नाही. फिकट किंवा लालसर चट्टा खाजत नाही, दुखत नाही आणि तिथं पेनाचं टोक टेकवलेलं कळत नाही, तर सरकारी दवाखाना गाठावा. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत.

अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारलं, तेव्हा रुग्णांना समाजापासून तोडणारा १८९८ चा कायदा अमलात होता. तो रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. इतकी वर्षं या पावलांवरून लोकांनी नजर फिरवली. पावलांना हवं आहे ते नेमकं उलट: रोज संध्याकाळी उजेडात बसून, तळवा वर करून, नीट पाहणारं कुणीतरी. आपलं आपल्याला वाकून दिसत नसेल, तर आरसा घ्यावा किंवा घरच्यांना हाक मारावी.