हस्तिदंताला पर्याय : शस्त्राची मूठ कशाची असावी?

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील चोरखमारा हे गाव नागझिरा अभयारण्याच्या वेशीवर आहे. १९७० साली घोषित झालेले हे अभयारण्य २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट आहे. २०२१ साली छत्तीसगडमार्गे रानहत्तींचा एक कळप गडचिरोली जिल्ह्यात उतरला आणि २०२२ मध्ये तो गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यापर्यंत आला. जेथे हत्ती येतो तेथे हस्तिदंताचा लोभही येऊ शकतो. म्हणून या पदार्थाविषयीचा कायदा आणि त्याला असलेले पर्याय यांची माहिती वनालगतच्या गावांना असणे अगत्याचे आहे.

तलवार, कट्यार, पुढे पिस्तूल व रिव्हॉल्वर यांच्या मुठींना हस्तिदंत लावण्याची चाल जुनी आहे. हा पदार्थ गुळगुळीत असून कोरीव कामास अनुकूल असतो व हाताला सुखद लागतो. परंतु या शोभेची किंमत हत्तीच्या प्राणाने चुकवावी लागते.

कायद्याची मर्यादा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात १९८६ साली दुरुस्ती होऊन भारतीय हत्तीच्या दातांचा व्यापार बंद झाला. १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकेतून आयात केलेल्या हस्तिदंताचा व्यापारही निषिद्ध ठरला. सहस्रावधी वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या मॅमथचा दात तरी चालेल, असा युक्तिवाद काही व्यापाऱ्यांनी केला. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने तोही अमान्य केला. परदेशी माहितीपत्रकांत मॅमथचा दात ‘पर्याय’ म्हणून दाखविलेला असतो. आपल्या देशात तो पर्याय नाही, हे ध्यानी धरावे.

सांबर व चितळ यांची शिंगे दरवर्षी गळून पडतात. ती उचलल्याने प्राण्याला इजा होत नाही, म्हणून त्यात गैर काय, असा समज गावोगाव आढळतो. परंतु परवानगीवाचून अभयारण्यातून काहीही उचलून नेता येत नाही. तेव्हा सांबरशिंगाची मूठ हाही हस्तिदंताला पर्याय नव्हे.

उपलब्ध पर्याय

मुठीच्या पट्ट्यांना धक्का, घाम व बंदुकीचे तेल सोसावे लागते. त्यात पूर्व विदर्भातील कडक उन्हाळा आणि दमट पावसाळा यांची भर पडते. या कसोट्यांवर निरनिराळे पदार्थ पुढीलप्रमाणे उतरतात.

लाकूड हा सर्वांत निर्धोक पर्याय होय. सागवानात नैसर्गिक तेल असल्याने ते ओलाव्याला दाद देत नाही. शिसव जड व टणक असते, तर तेंदूचा काळा गाभा झिलईला उत्तम. लाकूड मात्र पुरते वाळलेले व पावतीसह घेतलेले असावे.

पाळीव जनावरांचे हाड दिसण्यात हस्तिदंताच्या जवळ जाते. मात्र ते सच्छिद्र असल्याने तेल शोषते आणि डागाळते. म्हशीचे शिंग चिवट असते. परंतु त्याचे पापुद्रे सुटतात व त्याला कीडही लागते. शिवाय घडविलेले म्हशीचे शिंग आणि गव्याचे शिंग यांतील फरक सहज ओळखू येत नाही. म्हणून खरेदीची पावती जपून ठेवावी.

दक्षिण अमेरिकेतील टाग्वा पामच्या बियांना ‘वनस्पतिज हस्तिदंत’ म्हणतात. या बिया आकाराने लहान असल्याने त्या जडावकामापुरत्याच उपयोगी पडतात.

कृत्रिम पदार्थांचा आरंभही हस्तिदंताच्या टंचाईतूनच झाला. बिलियर्डच्या चेंडूंसाठी पर्याय शोधणाऱ्यास अमेरिकेत दहा हजार डॉलरचे इनाम जाहीर झाले होते. त्याच ध्यासातून जॉन वेस्ली हायट याने १८७० च्या सुमारास सेल्युलॉइड तयार केले. मात्र ते ज्वालाग्राही असते आणि जुने झाल्यावर त्यातून निघणाऱ्या आम्लाने पोलाद गंजते. म्हणून शस्त्रासाठी ते टाळावे. कागदाचे वा कापडाचे थर फिनॉलिक राळेत दाबून केलेला मिकार्टा मजबूत असतो आणि कालांतराने पिवळसर होऊन जुन्या हस्तिदंताची छटा धारण करतो. पॉलिएस्टर राळेत खनिज भुकटी मिसळूनही हस्तिदंतासारखी पट्टी करता येते.

ओळख व पुरावा

खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. हाडावर भिंगातून बारीक काळसर ठिपके आढळतात. कृत्रिम पदार्थात ही जाळी नसते. तापलेली सुई टोचून परीक्षा करण्याची रीत धोक्याची आहे. शंका असल्यास वस्तू वनविभागाच्या स्वाधीन करून प्रयोगशाळेचा निर्वाळा घ्यावा.

जुनी वस्तू घरात असल्यास

एखाद्या घरात हस्तिदंती मुठीचे जुने शस्त्र वारसाहक्काने आले असेल, तर वारसाने नव्वद दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसे घोषित करावयाचे असते. अशी वस्तू विकता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनुसार ती स्वेच्छेने शासनाच्या स्वाधीन करण्याची सोय आहे. त्याबद्दल मोबदला मिळत नाही. मूठ बदलावयाची झाल्यास शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच शस्त्र द्यावे. काढलेले हस्तिदंत त्याच्याकडे ठेवू नये. त्याविषयी आधी वनविभागाला विचारावे.

ग्रामसभेत ही माहिती एकदा वाचून दाखविली, शिक्षकांनी ती वर्गात समजावून दिली, तर अजाणता घडणारे कितीतरी गुन्हे टळतील. मूठ लाकडाची असल्याने शस्त्राचे काही उणे होत नाही. हत्तीचा दात मात्र एकदा गेला की पुन्हा येत नाही, आणि त्यासाठी मारलेला हत्तीही परत येत नाही.