इंजिनाचा ताप मोजताना

उन्हाळ्यात घाट चढताना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आपण पाहतो. इंजीन फार तापले तर ॲल्युमिनियमचे सिलिंडर-हेड वाकते, त्याखालचे गॅस्केट जळते आणि दुरुस्तीला मोठा खर्च येतो. तरीही बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो. धोक्याचा लाल दिवा तेवढा असतो आणि तो लागेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. ओहमचा नियम ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याला असा तापमापक स्वतः तयार करता येईल.

त्याचा गाभा म्हणजे थर्मिस्टर. धातू तापला की त्याचा रोध वाढतो. येथे मात्र उलटे घडते. तापमान वाढले की या अर्धवाहकातील मुक्त विद्युतभारांची संख्या वाढते आणि रोध झपाट्याने उतरतो. सिल्व्हर सल्फाइडमधील असे वर्तन मायकेल फॅरडे यांनी १८३३ मध्येच नोंदवले होते. बाजारात सहज मिळणारा '१० के' थर्मिस्टर घ्या. त्याचा रोध २५ अंश सेल्सिअसला १०,००० ओहम असतो.

मीटर रोध थेट दाखवीत नसून विभवांतर दाखवणार आहे. म्हणून थर्मिस्टर व १,००० ओहमचा साधा रोधक एकसरीत जोडा. थर्मिस्टरचे मोकळे टोक ५ व्होल्टला आणि रोधकाचे ऋण टोकाला जोडून रोधकावरील विभवांतर मल्टिमीटरने मोजा. साधारणपणे असे आकडे मिळतील :

२५ अंश – १०,००० ओहम – ०.४५ व्होल्ट
५० अंश – ३,६०० ओहम – १.०९ व्होल्ट
८० अंश – १,२७० ओहम – २.२० व्होल्ट
९० अंश – ९३० ओहम – २.५९ व्होल्ट
१०० अंश – ७०० ओहम – २.९४ व्होल्ट

थर्मिस्टर १०,००० ओहमचा, मग रोधक १,००० चाच का? विद्यार्थ्यांना गणित करू द्या. रोधकही १०,००० चा घेतला, तर ८० ते १०० अंशांत विभवांतर जेमतेम ०.२३ व्होल्टने बदलते. १,००० चा घेतला तर ०.७४ व्होल्टने. दोन्ही रोध जिथे जवळपास सारखे असतात, तिथे मापन सर्वांत संवेदनशील असते. आपल्याला महत्त्वाचे तापमान ९० अंशांच्या आसपासचे आहे.

पाच व्होल्ट कोठून आणायचे? गाडीची बॅटरी इंजीन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट देते. इंजीन चालू असताना तारांवर सुमारे १४ व्होल्ट असतात. एवढ्या फरकाने ९० अंशांवरचे इंजीन ९८ अंशांचे भासेल. यासाठी ७८०५ हा स्थिरदाब आय. सी. वापरा. त्याच्या आधी १ अँपिअरचा फ्यूज व १एन४००७ डायोड, आणि दोन्ही बाजूंना धारित्र हवेच.

आता अंशांकन. थर्मिस्टरचे पाय उष्णता सहन करणाऱ्या नळीत बंद करून तो प्रयोगशाळेतील तापमापीसोबत पाण्यात बुडवा. पाणी तापवत दर पाच अंशांना विभवांतर नोंदवा आणि आलेख काढा. उकळत्या पाण्याला डोळे मिटून १०० अंश म्हणू नका. समुद्रकाठी ते १०० असेल. पुण्यात सुमारे ९८ आणि महाबळेश्वरला ९५-९६ अंशांनाच पाणी उकळते. रेडिएटरमध्ये याच्या उलट स्थिती असते. कुकरप्रमाणे झाकण दाब धरून ठेवते. वातावरणाहून एक वातावरण जादा दाब असेल, तर साधे पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणूनच गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच पाणी एकदम उकळून अंगावर येते.

इंजीन थंड असताना थर्मिस्टर इंजिनातून गरम पाणी बाहेर येते त्या धातूच्या तोंडाला क्लिपने घट्ट बसवा आणि वरून उष्णतारोधक गुंडाळा. बाहेरून मोजल्यामुळे वाचन आतल्या पाण्यापेक्षा काही अंश कमी येईल. त्यामुळे आठवडाभर वाचने नोंदवून आपल्या गाडीचे 'नेहमीचे' तापमान ठरवा. वाचन त्याहून दहाएक अंश वर गेले, तर गाडी थांबवावी.

शेवटी वर्गात विचारण्याजोगा प्रश्न : थर्मिस्टरची तार तुटली तर मीटर काय दाखवील? प्रवाह थांबेल, विभवांतर शून्य होईल, म्हणजे इंजीन अगदी थंड! पाणी गळून गेले, तर पाण्याचा स्पर्श न उरलेल्या तोंडावरचा थर्मिस्टरही खोटे कमी तापमान दाखवू शकतो. पहिल्या दोषावर उपाय सोपा आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करण्यापूर्वी मीटर पाहा. हवेच्या तापमानाएवढे, म्हणजे अर्ध्या व्होल्टच्या आसपास वाचन हवे. शून्य आले तर तार तपासा. दुसऱ्या दोषासाठी मात्र थंड इंजिनातील पाण्याची पातळी रोज डोळ्यांनीच पाहावी लागते. उपकरण बिघडल्यावर ते कोणत्या बाजूने चुकेल, हे ठाऊक असलेल्यालाच त्याच्या वाचनावर भरवसा ठेवता येतो.