पांढरा चहा, संत्र्याची साल

पांढरा चहा म्हणजे दुधाचा चहा नव्हे. चीनच्या फुजियान प्रांतात चहाच्या कोवळ्या कळ्या खुडून, न मळता, नुसत्या सुकवतात. कळ्यांवरच्या पांढऱ्या लवेमुळे हे नाव पडले. संत्र्याची वाळलेली साल मिसळली की त्याचा वास खुलतो.

पाणी उकळून थोडे निवू द्यावे. ८० अंशांच्या आसपास असावे. कपाला दोन चमचे पत्ती, सालीचा लहान तुकडा. झाकून चार मिनिटांनी गाळावा. दूध घालू नये. पहिला घोट साखरेविना घ्यावा: आधी मंद गोडवा, मागून सालीचा कडसर स्वाद.

भगिनींनो, हाही चहाच आहे. जेवणासोबत चहा घेतल्यास अन्नातले लोह अंगी कमी लागते. रक्त कमी असेल तर जेवणानंतर तासभर थांबून मगच चहा घ्यावा.