आदल्या दिवशी लावायचे बटाट्याचे थर

शाळेचे स्नेहसंमेलन असो की शेतकऱ्यांचा मेळावा असो, पन्नास माणसांना एकाच वेळी काहीतरी खायला द्यायचे म्हटले की आपण बहुधा बटाटेवड्यावर येऊन थांबतो. वडा चांगलाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो कढईतून निघाला की लगेच खायला हवा. त्यामुळे इकडे कार्यक्रम रंगात आलेला असतो आणि रांधणारी मंडळी मात्र मागच्या बाजूला चुलीपाशी अडकलेली असतात. बटाट्याचाच, पण मुद्दाम गार खाण्यासाठी रचलेला एक पदार्थ दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात आहे. त्याचे नाव काउसा. राजधानी लिमा येथे तो जेवणाच्या आरंभी वाढतात, आणि कालचा आज वाढला तरी त्यात काही कमीपणा मानीत नाहीत.

पेरू हे बटाट्याचे माहेरच. अँडीज पर्वतात, टिटिकाका सरोवराच्या आसपास, हजारो वर्षांपूर्वी माणसाने रानटी बटाटा शेतात आणला. तिथे त्याला 'पापा' म्हणतात. आपला 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. तो मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा, आणि गंमत अशी की तिथे तो रताळ्याचा शब्द होता! काउसा या नावाबद्दल दोन गोष्टी सांगतात. एक अशी की, १८७९ साली चिलीशी सुरू झालेल्या युद्धात बायका हा पदार्थ विकून सैनिकांसाठी, म्हणजे 'कार्यासाठी', पैसा उभा करीत. स्पॅनिश भाषेत कार्याला 'काउसा' म्हणतात. दुसरी अशी की, केचुआ भाषेत 'काउसाय' म्हणजे जगणे, आणि त्यावरून हे नाव पडले. मला दुसरी अधिक पटते. पहिली फार सोयीची वाटते.

पदार्थ म्हणजे काय, तर उकडून बारीक केलेल्या बटाट्यात तेल, लिंबाचा रस, मीठ आणि पिवळ्या मिरचीचे वाटण घालून मळायचे. त्याचा एक थर ताटात दाबायचा, मध्ये सारण पसरायचे, वर पुन्हा बटाट्याचा थर. गार झाला की वड्या कापायच्या. तळणे नाही, भाजणे नाही. मग सगळे यश कशात आहे? बटाट्याच्या निवडीत, आणि तो बारीक करण्याच्या रीतीत.

बटाटे दोन स्वभावांचे असतात. एक पिठूळ, उकडला की फुटून मोकळा होणारा. दुसरा चिकट आणि पाणीदार, उकडूनही घट्ट राहणारा. काउसाला पिठूळ हवा. कोवळा, नवा बटाटा बहुधा पाणीदार निघतो. बाहेरून पाहून ओळखता येत नसेल तर एक सोपी परीक्षा आहे, आणि शिक्षकांनी ती वर्गात जरूर करून दाखवावी. अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवा आणि त्यात बटाटे सोडा. पिठूळ बटाट्यात पिष्ट अधिक, म्हणून तो जड. तो तळाशी जातो. पाणीदार बटाटा तरंगतो. घनतेचा धडा इतक्या स्वस्तात दुसरीकडे मिळायचा नाही! साल हिरवी पडलेले बटाटे मात्र बाजूला काढा. त्यांत सोलानिन नावाचे विष वाढलेले असते आणि ते उकडल्याने जात नाही.

बटाटे सालीसकट उकडा. उकडताना पाण्यात लिंबू पिळू नका. आंबट पाण्यात बटाटा लवकर मऊ होत नाही. आता महत्त्वाची गोष्ट. बटाट्याच्या आत सूक्ष्म पेशी असतात आणि त्यांत पिष्टाचे कण उष्णतेने फुगून बसलेले असतात. पेशी नुसत्या एकमेकींपासून सुटल्या तर लगदा मोकळा, हलका होतो. पेशी फुटल्या तर पिष्ट बाहेर येते आणि खळ तयार होते. मिक्सरचे पाते नेमके हेच करते, म्हणून मिक्सर इथे वर्ज्य. आपल्या घरात यासाठी उत्तम साधन आहे, ते म्हणजे पुरणयंत्र. बटाटे सोलून गरम असतानाच त्यातून काढा. लिंबू, तेल, वाटण हे सगळे वाफ जिरल्यावर घाला आणि हलक्या हाताने मिसळा.

पन्नास माणसांचा हिशेब असा. बटाटे साडेपाच किलो. दर किलोला साधारण चार मोठे चमचे तेल, तीन लिंबांचा रस आणि दोन लहान चमचे मीठ. पेरूची पिवळी मिरची आपल्याकडे सहसा मिळत नाही. पिवळी ढोबळी मिरची उकडून, दोन-चार हिरव्या मिरच्यांबरोबर वाटली तर काम भागते. रंगाला हळद चिमूटभरच. सारण दोन किलो लागेल. लिमाला कोंबडी किंवा मासे अंड्याच्या मेयोनीजमध्ये कालवून घालतात, अ‍ॅव्होकाडोच्या फोडीही लावतात. कच्च्या अंड्याचे मेयोनीज मोठ्या समुदायासाठी करूच नये. आपण उकडलेले मटार-गाजर घट्ट चक्क्यात कालवावे. पाणी सुटणारी काकडी, टोमॅटो नको. खालचा थर भिजून बसतो. तीस सेंटीमीटर चौरस अशी दोन ताटे घ्या, स्टीलची, कारण लिंबू आहे आणि कल्हई गेलेले पितळ त्याला चालत नाही. तेलाचा हात लावून दीड सेंटीमीटर जाडीचा थर, मग एक सेंटीमीटर सारण, मग पुन्हा दीड. सहा सेंटीमीटरच्या वड्या पाडल्या की प्रत्येक ताटात पंचवीस होतात.

थंड झाल्यावर हा थर घट्ट का बसतो? शिळ्या भाताची शिते कडक होतात त्याच कारणाने. फुगलेले पिष्ट गारठ्यात पुन्हा आवळते. म्हणून शीतकपाटात निदान चार तास तरी ठेवावेच. रात्रभर ठेवले तर सुरी अधिक साफ चालते.

पण शीतकपाट म्हटले आहे, फडताळ नव्हे. उकडलेल्या बटाट्यातले जंतू मेले असे आपण धरून चालतो. जंतू मरतात, पण काहींची बीजे उकळीतही टिकतात आणि ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पुन्हा वाढू लागतात. हातावरच्या जखमेतून येणारे जंतू आणखी वाईट. त्यांचे विष नंतर तापवूनही जात नाही, आणि इथे तर आपण काही तापवणारच नाही. लिंबाच्या आंबटपणाने थोडी मदत होते, पण त्याच्या भरवशावर पन्नास पोरांचे पोट टांगू नये. तेव्हा बोट कापलेल्या माणसाला मळायला बसवू नका. गरम लगदा खोल पातेल्यात साठवू नका, मध्यभाग तासन् तास कोमट राहतो. ताटात पसरला की लवकर निवतो. दोन तासांच्या आत ताटे झाकून शीतकपाटात गेली पाहिजेत आणि दुसऱ्या दिवशी संपली पाहिजेत. बाहेर काढल्यावरही दोन तास हीच मर्यादा. वैशाखातल्या दुपारी एकच तास धरा.

गावात शीतकपाट नसेल किंवा विजेचा भरवसा नसेल तर आदल्या दिवशी बटाटा उकडूच नये, सालीसकटही नाही. आदल्या दिवशी मिठाच्या पाण्याची परीक्षा करून बटाटे धुऊन कोरडे करावेत, मटार सोलावेत, ताटे घासून ठेवावीत. सकाळी आठला उकडायला लावले तर साडेदहापर्यंत थर लागतात आणि बाराच्या आत वाढून होतात. वड्या थोड्या मऊ कापल्या जातील, त्याला इलाज नाही. सुरी दर वेळी ओल्या फडक्याने पुसून घ्या, आणि कोथिंबीर वाढतानाच वर घाला.